सगळीकडे दिसणारा व्हिडिओ

निदान एका प्रकारचा व्हिडिओ तरी प्रत्येक ब्राउझरमध्ये चाललाच पाहिजे, असा नियम करायचा की नाही, यावर इंटरनेटचे नियम ठरवणारी आमची समिती वर्षानुवर्षं भांडत होती. प्रत्येक कंपनी आपलंच घोडं पुढे दामटायची, आणि अध्यक्ष म्हणायचे, "सक्ती कशाला? ज्याला जे हवं ते करू दे."

काल ऐन बैठकीत त्यांच्या बायकोने व्हिडिओ पाठवला. नात पहिल्यांदाच चालली होती! अध्यक्षांनी तो लगेच लॅपटॉपवर लावला, तर "आली, आली! अगंबाई, पडतेय की काय!" एवढा आवाज आला, चित्र मात्र काळंकुट्ट. शेजारी बसलेल्या बाईंच्या लॅपटॉपवरही तेच. मग टेबलाभोवतीच्या झाडून सगळ्या मशीनवर लावून झाला. जो तो दुसऱ्याच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडत होता, आणि अध्यक्ष अगदी रडकुंडीला आले होते.

शेवटी त्यांनी टेबलावर हात आपटला. "आजोबाला नात दिसत नसेल, तर चुलीत घाला ते स्वातंत्र्य! घ्या मतदान!"

सगळे हात वर गेले. नियम एकमताने मंजूर झाला, टाळ्या पडल्या, एकदोघांनी तर डोळेही पुसले. ही आनंदाची बातमी द्यायला अध्यक्षांनी बायकोला फोन लावला, तोही स्पीकरवर.



"अहो, बरं झालं फोन केलात. दुसरा व्हिडिओ पाठवते, तो बघा. पहिल्यात सगळा माझा अंगठाच आलाय."