पडद्यावरची आत्या

लंडनच्या सभागृहात एक नावाजलेला प्रवासी साहेब पडद्यावर कोकणातले फोटो दाखवत होता. विस्कटलेल्या केसांची एक बाई दिसली. "ही तिथली चेटकीण," तो म्हणाला. लोक हसले.

त्याच्याच शिफारशीने डॉक्टरकी शिकायला आलेली अनसूया मागच्या रांगेतून उठली. "ही माझी तान्हूआत्या, गावची सुईण. साहेब, तुम्ही तापाने फणफणला होता, तेव्हा रात्रभर उशाशी बसून तिने तुम्हाला पेज भरवली. सकाळी उतार पडल्यावर तुम्ही हा फोटो काढलात."

हसणं थांबलं.

"खाली बस," साहेब दातओठ खात म्हणाला. "तुझी शिष्यवृत्ती माझ्या हातात आहे."

अनसूया चालत पडद्यापाशी गेली.

"घ्या काढून शिष्यवृत्ती," ती म्हणाली. "पण पुढचा फोटो लावू नका. माझं बोलणं अजून संपलेलं नाही."