डावा हात

कुंकवाचं बोट कपाळावर टेकलंच नाही. ते सलोनीच्या नाकाच्या शेंड्यावर उमटलं.

"ये क्या आंटीजी, नाक पे?" सलोनी हसली. हॉलमधल्या सगळ्याच बायका हसल्या.

"मान सरळ ठेवावी माणसानं," अलकनंदाबाई म्हणाल्या. "घोड्यासारखी हलवतेस कशाला?"

त्यांचं बोट चुकत नसे. लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका ठेवणीतल्या साड्या नेसून यायच्या, वाण घ्यायच्या आणि दोन-चार टोमणे ओटीत बांधून घरी जायच्या. टोमणा मिळाला नाही तर म्हणे चुकल्यासारखं वाटायचं.

पुढची बाई कपाळ घेऊन वाकली, तर कुंकवाचा करंडाच अलकनंदाबाईंच्या उजव्या हातातून निसटला. पांढऱ्या फरशीवर लाल सडा पडला. सून धावली.

"आई, तुम्ही बसा. मी लावते."

त्यांना म्हणायचं होतं, अजून मेले नाही मी, स्वरूपा. तोंडातून निघालं ते सैल कणकेसारखं काहीतरी, ना शब्द ना आवाज. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली ती त्यांना स्वतःला कळली नाही, सुनेच्या नजरेवरून कळली. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि भिंत धरत स्वयंपाकघरात गेल्या.

"बायका... जाऊ देत," ओट्याला टेकून त्या पदराआडून म्हणाल्या. एकेक शब्द लोटावा लागत होता. "मग बघू."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "बीपी गिरा होगा! नींबू-पानी दो आंटीजी को."

स्वरूपानं ग्लास भरला. तो मागून कुणीतरी धरला. सरला होती. आल्यापासून दाराजवळच्या खुर्चीवर बसून होती, कुणाशी फारसं बोलली नव्हती.

"पाणीसुद्धा नको. ठसका लागेल," ती म्हणाली. "वहिनी, पदर काढा. हसा बघू."

"सरलाकाकू, ही काय हसायची वेळ आहे?"

"हसा, वहिनी."

सांगितलं म्हणून हसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. पण पदर खाली आला. तोंडाची डावी बाजू हसली. उजवी तशीच लोंबत राहिली.

"आता दोन्ही हात वर."

डावा वर गेला. उजवा कमरेपर्यंत आला आणि मेलेल्या पाखरासारखा पडला.

"कधीपासून?" सरलानं विचारलं.

"आत्ताच. सलोनीच्या आधीपर्यंत नीट लावत होत्या."

"ती वेळ लक्षात ठेव. हॉस्पिटलात पहिलं तेच विचारतील. मेंदूचा झटका आहे हा. गुठळी असली तर तिच्यावर इंजेक्शन असतं, पण वेळेत पोचलं तरच."

अलकनंदाबाईंनी मान हलवली. नाही. बाहेर जायची वाट हॉलमधूनच होती, त्या सगळ्या बायकांमधून. हे तोंड घेऊन. अशा तोंडाबद्दल लोक काय बोलतात ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. गेल्या संक्रांतीला याच हॉलमध्ये त्याच बोलल्या होत्या. नवऱ्याला घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून सरला बळवंतरावांना सोबत घेऊन आली होती, आणि त्यांनी तिळगुळासाठी डावा हात पुढे केला होता. "डाव्या हातानं तिळगूळ? आणि आधी त्यांचं तोंड पूस बाई, सुवासिनी बसल्यात इथे." सगळ्यांनी ऐकलं होतं. एकदोघी हसल्याही होत्या.

"बायका... जाऊ देत," त्या पुन्हा म्हणाल्या.

"आमच्याकडेही पाहुणेच होते," सरला म्हणाली. "हे म्हणाले, पाहुणे जाऊ देत. पाहुणे गेले. तोवर हात गेला होता."

स्वरूपा फोन कानाला लावून उभी होती. आधी ॲम्ब्युलन्सला, मग नवऱ्याला लावून झाला होता. "ॲम्ब्युलन्स रिंग रोडवर अडकलीय म्हणतात. सुधन्वा ऑफिसात, बाबा बाजारात. काय करू मी?"

"माझी गाडी दारात आहे. हॉस्पिटल दोन सिग्नलवर. चल, त्या बाजूनं धर. जाताना तिथे फोन कर, पेशंट घेऊन येतोय म्हणून. हे बसलेत पुढच्या सीटवर, मागे तुम्ही दोघी मावाल."

"काका खाली आहेत? या थंडीत?"

"पुन्हा वर कसं आणणार होते मी यांना?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दोघींनी दोन्हीकडून धरून त्यांना हॉलमधून नेलं. बायका उठून बाजूला झाल्या. अलकनंदाबाईंनी डोळे मिटून घेतले, पण उजवा पाय उचलत नव्हता. तो सांडलेल्या कुंकवातून फरफटत गेला आणि दारापर्यंत लाल रेघ ओढत गेला. नाकावर कुंकू तसंच असलेली सलोनी पुढे पळाली आणि लिफ्ट धरून उभी राहिली.

गाडीत बळवंतराव कानटोपी घालून बसले होते. दार उघडलं तसे ते वळले. त्यांनी अलकनंदाबाईंकडे एकदा पाहिलं. काय झालं, असं विचारलं नाही.

सरलानं गाडी काढली. अलकनंदाबाईंनी पुन्हा पदर तोंडावर दाबला होता. तो ओला चिंब झाला होता. बळवंतरावांनी स्वेटरच्या खिशात चाचपलं. घडी घातलेला नॅपकिन निघाला. दोन सीटांच्या मधून त्यांनी तो मागे धरला, डाव्या हातानं.

डाव्या हातानं दिलेलं अलकनंदाबाईंनी जन्मात कधी घेतलं नव्हतं.

त्यांनी उजवा हात उचलून पाहिला. मग पदर सोडला, आणि डावा पुढे केला.