उरलेले दोघं

"सर, नियमात दोघं चालतात ना?" तन्वीरने धापा टाकत विचारलं.

"चालतात," मी म्हणालो. यंदा नऊ सामने जिंकून आमच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत आला होता. पण आमच्याकडे खेळाडू सातच; त्यातल्या एकाचा पाय मुरगळला आणि चौघे पाच-पाच फाउल होऊन बाहेर बसले. मैदानात उरले तन्वीर आणि शिवदास. दोन मिनिटं बाकी होती, आघाडी अकरा गुणांची.

मी बसायचंच विसरलो. समोर पाच जण असूनही बॉल एकाच्या हातून निसटला की दुसरा तिथे आधीच पोचलेला असायचा. आघाडी घटत एका गुणावर आली आणि शेवटची शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो होतो.

समोरच्या संघाचे प्रशिक्षक माझ्याजवळ आले. "हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही हो. मीही आजच पाहिलं."