बारवेतला पाय

लातूर जिल्हा वेगळा झाला, साहेब नवे आले, जीप नवी आली. पण मुरुडजवळच्या या गावात पायातून निघणारा नारूचा जंत होता तिथंच होता. सांगून सांगून आरोग्यसेवक व्यंकटरावांचा घसा बसला होता. "पायातल्या फोडाची आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो. नारू तिथंच पिलं सोडतो, आन् तेच पाणी तुम्ही पिता! बारवेत उतरू नका, वरून पोहऱ्यानं शेंदा, फडक्यानं गाळा!"

दुष्काळात बारवेचं पाणी तळाला गेलं होतं. पायऱ्यांवर व्यंकटरावांनी स्वतः बाभळीचे काटे रचले होते.

तरी भरदुपारी खालून आवाज आलाच. पाण्यात पाय बुडाल्याचा. मागोमाग, आग शमल्यावर सुटतो तसा लांब सुस्कारा.

"कोण उतरलंय?" ते पाणी शेंदणाऱ्या कोंडाबाईवर खेकसले.

"कुनीबी न्हाई, साहेब. पानी गाळतो की आमी. तिकडं ध्यान देऊ नका."

"ध्यान देऊ नका? मग मी काय इथं झक मारायला येतो?" व्यंकटराव काठावरून वाकले. "ए! कोण आहेस तू? वर ये! मुकाट्यानं वर ये म्हणतो ना!"

सुस्कारा मध्येच थांबला.

काट्यांची एकही फांदी हलली नाही. पण तळाच्या कोरड्या पायरीवर ओलं पाऊल उमटलं. उजवं. मग त्याच्या वरच्या पायरीवर. तेही उजवंच.

कोंडाबाईच्या हातून दोर सुटला.

"काय केलंत, साहेब," ती मागं सरत म्हणाली. "आजवर त्याला कुनी वर बोलावलं न्हवतं."