विहिरीचा कोपरा

वाटणीत गणराजदादाने नारळ-सुपारीची सगळी वाडी स्वतःकडे ठेवली आणि मला जुन्या विहिरीचा कोपरा दिला. वर म्हणाला, "सत्ये, नवऱ्यामागे तू एकटी. तुला लागतं तरी किती?" मी सही केली.

वाडी तोडून त्याने बारा खोल्यांचं रिसॉर्ट बांधलं, पोहायला तलाव केला. तीन ठिकाणी बोअर मारल्या, तिन्ही खारट निघाल्या.

काल तो मोटर आणि पाइप घेऊन माझ्या विहिरीवर आला. "सगळ्या खोल्या भरल्यात गो. पाणी दे."

मी पाइप बाजूला सारला. एक कळशी शेंदली आणि त्याच्या हातात दिली.



"घे दादा. तुला लागतं तरी किती?"