ढकलगाडी

“अरे ब्रेक लाव, ब्रेक!” ड्रायव्हरकाका खाटेवरून ओरडले.

सूप घेऊन आलेलं यंत्र खाटेला टेकता टेकता थांबलं. कमरेच्या वर ते माणसासारखं होतं. गोल डोकं, खांदे, हात, अगदी बोटंसुद्धा. कमरेखाली मात्र नुसती चाकं. ते क्षणभर गप्प राहिलं. बोलण्याआधी असं थांबायची त्याला खोडच होती.

“सांडलं का?” यंत्राने विचारलं.

“नाही.”

“मग आरडाओरडा कशाला, राजे? गुपचूप प्या.”

शेजारच्या खाटेवरचा पेंटर खो खो हसला. काकांनी निमूटपणे वाटी तोंडाला लावली. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला हा माणूस, कुणाचं ऐकून घेण्यातला नव्हता. पण ऑपरेशननंतर त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती, आणि त्यांना पुन्हा जेवायला लावलं ते या ढकलगाडीने. हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, एवढंच झालं होतं. पण त्यानंतर काकांचा धीरच खचला. मुलाने मान खाली घालून सांगितलं होतं, “बाबा, शनिवारी डॉक्टर बघणार आहेत. वॉकर घेऊन आपले आपण दारापर्यंत चाललात, तर घरी जायचं. नाहीतर काही दिवस वृद्धाश्रमात... आम्ही दोघंही कामावर असतो हो.”

त्या ‘काही दिवसां’चा अर्थ काकांना न विचारता कळला होता.

तेव्हापासून रोज सकाळी यंत्र त्यांच्यासमोर उभं राहायचं. हात पुढे धरून, पण अंगाला न लावता, ते मागे मागे सरकायचं.

“पाय उचला, राजे. घासू नका.”

“मी बस मागे घ्यायचो तेव्हा कंडक्टर शिटी मारायचा. तुझ्याकडे शिटी नाही?”

यंत्र जरा थांबलं. “शिटी नाही. जीभ आहे. पाय उचला.”

एकदा काका मध्येच थबकले. “पडलो म्हणजे?”

“आधी श्वास सोडा. मग पाऊल टाका.”

“तुला काय कळतंय रे पडण्यातलं? तुला चाकं आहेत.”

या वेळी यंत्र नेहमीपेक्षा जास्त थांबलं.

“थोडंफार कळतं,” ते म्हणालं.

वॉर्डाच्या टोकाला, खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई होत्या. हात, पाय, मान, त्यांचं काहीच हलत नव्हतं. श्वाससुद्धा गळ्यातल्या नळीने चालायचा. डोळ्यांसमोर दांडीला एक लहानसा स्क्रीन लावलेला, त्याच्याकडे त्या दिवसभर बघत असायच्या. सिस्टर त्यांना ताई म्हणत. ड्युटीवर येणारी प्रत्येक सिस्टर आधी त्यांच्याजवळ जायची आणि “ताई, आले हं” असं सांगूनच कामाला लागायची.

“सकाळ-संध्याकाळ टीव्ही!” पेंटर म्हणाला.

“दुसरं करणार काय बिचारी?” काका म्हणाले. “असं जगण्यापेक्षा...”

“हळू बोला,” सिस्टर फटकन म्हणाली. “त्यांना सगळं ऐकू येतं.”

काका ओशाळले. त्यानंतर त्या खाटेकडे बघायचंच ते टाळू लागले.

शुक्रवारी ताईंना ताप चढला. त्यांच्या खाटेभोवतीचे पडदे ओढून घेतले गेले, आत-बाहेर धावपळ सुरू झाली. काकांना मात्र वेगळीच चिंता. यंत्र भिंतीशी मान खाली घालून उभं होतं, ते जागचं हलेना.

“आज ढकलगाडी संपावर का हो?”

“सुट्टीवर आहे,” सिस्टर बर्फाची पिशवी घेऊन जाता जाता म्हणाली.

परीक्षा उद्यावर आणि मास्तर सुट्टीवर! काकांनी एकट्याने उठून पाहिलं. वॉकर धरला, श्वास सोडला आणि तिथेच पुन्हा खाटेवर बसले. उशीखाली मुलाने आणून ठेवलेली घराची किल्ली होती. ती त्यांनी काढून टेबलाच्या खणात ठेवून दिली.

शनिवारी सकाळी खिडकीजवळचे पडदे उघडले होते. आणि समोर यंत्र उभं होतं.

“आलास होय, कामचुकार!”

“उठा, राजे. अर्धवट सोडायची सवय नाही इथे.”

आवाज तोच, पण शब्दांमधली अंतरं आज लांब होती. दारात डॉक्टर उभे होते, त्यांच्यामागे मुलगा. काका उठले. श्वास सोडला, पाऊल उचललं. यंत्र मागे सरकलं. दुसरं पाऊल. मध्यावर तोल जातोय असं वाटलं, तेव्हा यंत्राने हात जवळ आणले, पण धरलं नाही. काका चालत राहिले आणि वॉकरचा पाय उंबऱ्याला लागल्याचा आवाज झाला, तेव्हाच थांबले.

“घेऊन जा वडिलांना,” डॉक्टर मुलाला म्हणाले.

सामान बांधून झालं. खणातली किल्ली काकांनी खिशात टाकली. त्यांची पिशवी घेऊन यंत्र मुलाबरोबर बाहेर पडलं आणि भिंतीपलीकडे लिफ्टकडे तोंड करून उभं राहिलं. काकाही निघाले, पण दारातच थबकले. आभार मानायचे होते, आणि यंत्रापुढे रडायची तर लाज वाटत होती. पुन्हा जाता जाता चिडवायला मोकळं ते!

ते मागे वळले. पेंटरला एक्स-रेसाठी नेलं होतं. सगळ्या वॉर्डात एकट्या ताई. काका वॉकर टेकत त्यांच्या खाटेपाशी गेले. मागे असं बोलून गेलो होतो, निदान निरोप तरी घ्यावा, एवढंच मनात.

“बरं आहे, ताई. येतो.” आणि मग बांध फुटलाच. “त्या ढकलगाडीला कसं सांगायचं ते कळत नाही बघा. आज घरी चाललोय ते तिच्यामुळे. तिच्या तोंडावर बोलवत नाही माझ्याच्याने. तुम्ही ऐकलंत, बस झालं.”

ताईंचे डोळे स्क्रीनवरून हलले. काकांच्या ओल्या चेहऱ्यावर बराच वेळ थांबले. मग पुन्हा स्क्रीनकडे गेले आणि तिथल्या अक्षरांवरून इकडून तिकडे, सावकाश फिरत राहिले.

भिंतीपलीकडून, लिफ्टपाशी उभ्या असलेल्या यंत्राचा आवाज आला.

“पोहोचले आभार. आता डोळे पुसा, राजे. आणि पाय घासू नका.”