उलटलेल्या गायी

"दोष गायींचा नाही," म्हणत जनावरांच्या डॉक्टरबाईंनी तपासणीचा कागद मालनच्या सासऱ्यांपुढे धरला. "तुमच्या वळूच्या वीर्यात शिसं सापडलंय. शिशानं त्यातली एन्झाइमं मंदावली, की शुक्राणूंत जोर राहत नाही. मग गायी उलटणारच!"

चहा घेऊन आलेली मालन दारातच थबकली. गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, उलटतात, म्हणून सासऱ्यांनी दोन गायींना वांझ ठरवून बाजार दाखवला होता. आता रविवारी तिची माहेरी रवानगी होती. कारण तेच.

"शिसं आलं कुठनं?" सासऱ्यांनी विचारलं.

"ओढ्याकाठी जुन्या बॅटऱ्या फोडतात ना? तुमच्या विहिरीतही उतरलंय. वळू तेच पाणी पितो?"

"तोच काय, आम्ही सगळेच पितो."

मालननं कपबशा खाली ठेवल्या, पदर खोचला. "डॉक्टरबाई, पुरुषांची तपासणी कुठं होते?"

"तालुक्याच्या दवाखान्यात."

ती सासऱ्यांशेजारी बसलेल्या नवऱ्याकडे वळली. "माझ्या तीन तपासण्या झाल्या, तिन्ही चांगल्या. उद्या तुम्ही चला."

नवरा वडिलांकडे बघू लागला. मालननंही तिकडेच बघितलं.

"दोन गायी गेल्या, मामंजी. तिसरी जायची नाही."